हवेची राखण

थोरलीच्या घरात पाहुण्याने पाऊल ठेवलं, की चहा नंतर यायचा, टेकडी आधी. "वर बघितलंत का?" हा पहिला प्रश्न. नाही म्हणणाऱ्याला ती मागच्या खिडकीशी नेऊन उभं करायची आणि बोट दाखवायची. घरामागच्या टेकडीवर, मेंढ्यांच्या कुरणाच्याही वर, एक खांब होता. खांबाला दोन पोलादी वाडगे तोंडाला तोंड लावून टांगलेले. वरचा मोठा, खालचा लहान, मधे बोटभर फट. बघणाऱ्याला वाटायचं, पाखरांना पाणी पाजायची सोय असेल. एकदा एका लोकरीच्या व्यापाऱ्याने हसत हसत तसं म्हणूनही दाखवलं. थोरलीने त्याच्याकडे असं बघितलं, की पुढचा चहा त्याने उभ्याउभ्याच संपवला.

"देशात घाण किती झाली हे ज्याच्यावरून ठरतं, ते हे," ती म्हणायची. "शहरवाल्यांची हवा किती बिघडली हे सांगायचं, तर आधी न बिघडलेली कशी असते ते माहीत नको? ती न बिघडलेली आमच्याकडे आहे. आमच्याकडे येऊन मोजतात."

हे सगळं तिला हवावालीने सांगितलेलं. हवावाली म्हणजे प्रयोगशाळेतून यायची ती काटकुळी मुलगी. चष्मा इतका मोठा, की आधी चष्मा दारातून आत यायचा आणि मग ती. तिचं काम म्हणजे कारखाना नाही, मोठा रस्ता नाही, अशा लांबलांबच्या खेड्यांत जायचं आणि तिथल्या हवेत विष किती ते मोजायचं. थोरलीने पहिल्याच भेटीत तिला विचारलं होतं, की विष नाही तिथे विष शोधत फिरणं म्हणजे टकल्याच्या दारात कंगवे विकणं नाही का. मुलगी चिडली नाही. शांतपणे म्हणाली, आजी, वाऱ्याला कुंपण नसतं. कुठेतरी जाळलेलं, कुठेतरी फवारलेलं, कणाकणाने सगळीकडे जाऊन पोचतं, कुणी राहत नाही तिथल्या बर्फावरसुद्धा. हे सगळीकडचं थोडंथोडं किती, ते आधी कळायला हवं. मग शहराने त्यात किती भर घातली ते सांगता येतं. वाडग्यांच्या पोटात स्पंजाची चकती असते. ती ऋतूभर हवा पीत बसते. ऋतू बदलला की ती काढून न्यायची, तपासायची आणि नवी ठेवायची. वीज नको, मोटर नको, आवाज नाही.

थोरलीला शाळा मानवली नव्हती. पायरी चढली ती उतरायच्या घाईतच. पण तराजू तिला कळायचा. आयुष्यभर लोकर विकली होती. लोकर पारड्यात टाकायच्या आधी रिकामा तराजू बघून घ्यायचा असतो. रिकाम्याचाच काटा मधे नसेल, तर पुढचं सगळं तोलणं खोटं. म्हणजे आपली टेकडी हा या लोकांचा रिकामा तराजू, असं तिने मनाशी ठरवून टाकलं, आणि त्या दिवसापासून तिची मान जी ताठ झाली ती झोपेतही वाकेना, असं तिची सून म्हणायची. अर्थात पाठीमागे.

त्यात आणखी एक गोडी होती. या वाडग्यांसाठी दोन जागा बघितल्या होत्या. एक ही टेकडी, आणि दुसरी नदीपलीकडे, विहीणबाईंच्या मळ्यात. थोरलीची लेक त्या घरात दिलेली. विहीणबाई म्हणजे जिच्या घरात सुई आली तरी ती चांदीची असायची. हवावाली बघायला येणार म्हणून तिने कुंपण रंगवून घेतलं, आणि तिथेच माती खाल्ली. ताज्या रंगाजवळ हे लोक उभेही राहत नाहीत. शिवाय खाली नदीतून डिझेलवर चालणारी होडी जाते. जागा ठरली ती टेकडीची. थोरलीने त्याच दिवशी लेकीला फोन केला, सहज, खुशाली विचारायला, आणि फोन सासूबाईंकडे दे म्हणाली, तेही सहजच.

खांब रोवला गेला आणि राखणदार म्हणून थोरलीने स्वतःलाच नेमलं. कुणी विचारायच्या आधी नेमलं, म्हणजे कुणाला नाही म्हणायची तसदी पडत नाही. नियम हवावालीने तोंडी सांगितले. जवळपास धूर नको, फवारा नको, रंग नको, तेल नको, वाडग्यांच्या आत हात नको. गवत वाढलं तर विळ्याने कापायचं, यंत्राने नाही. सुनेने ते पाठ केले आणि थोरलीने ते गावाला लावले. टेकडीच्या वाटेवर कुणी सिगारेट पेटवली तर ती खालून हाक मारायची, आणि तिची हाक म्हणजे मेंढ्यासुद्धा जागेवर थबकायच्या. पाचोळा जाळायचा नाही, खड्ड्यात पुरायचा. वारा टेकडीकडे असला तर घरातली चूल पेटवायची नाही. मुलगा कामावरून सुटीला आला, तर त्याला मोटारसायकल ढकलत घरापर्यंत आणायला लावली. तो म्हणाला, आई, स्वतःच्या घरी येतोय की तुरुंगात. ती म्हणाली, तुरुंगात हवा एवढी चांगली नसते.

सगळ्यात जास्त जाच झाला तो धाकट्याला.

धाकटा म्हणजे तिचा दीर. ती या घरात आली तेव्हा त्याचे दुधाचे दात पडत होते. सासूने अंथरूण धरलेलं, त्यामुळे त्याचं न्हाणंधुणं, जेवणखाण सगळं हिच्याच हातून झालं. आता त्याचे दुसऱ्यांदा पडू लागले होते, तरी ती त्याला त्याच सुरात बोलायची. तो अंगणापलीकडच्या खोलीत राहायचा आणि कुंपणाचे खांब करायचा. लाकूड सोलायचं, तासायचं, आणि मातीत जाणारं टोक ड्रममधल्या तापत्या डांबरात बुडवायचं. मग तो खांब माणसाच्या उभ्या आयुष्यात कुजत नाही. आसपासच्या सगळ्या कुरणांना धाकट्याचेच खांब. बोलायचा कमी. त्याच्या वाटणीचंही वहिनी बोलायची, त्यामुळे त्याला कधी गरज पडली नसावी.

वाडगे आले तसा त्याचा ड्रम अंगणातून उठला. आधी गोठ्यामागे गेला, मग ओढ्यापलीकडे. मग वारा उलटा असेल त्याच दिवशी पेटवायचा असं ठरलं. वारा कुठला आहे ते सांगणार थोरली. तिच्या मते वारा बहुतेक वेळा टेकडीकडेच असायचा.

इतकी कडक राखण चालली होती, आणि एके दिवशी तिला फटीपाशी मातीचा गोळा दिसला. कुंभारीण माशी, ती ओल्या मातीचं घर बांधणारी, वाडग्यांच्या कडेला संसार थाटत होती. खालून एक कोळीही ये-जा करत होता. थोरलीच्या अंगावर काटा आला. लोकांनी विश्वासाने आपल्याकडे ठेवायला दिलेलं भांडं, आणि त्यात किडे. फोन करून सांगणं म्हणजे आपल्या घरात झुरळं झाली म्हणून दवंडी पिटणं. हात आत घालायचा नाही, फवारा मारायचा नाही. मग उपाय काय, तर जो या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला तोच. माळ्यावर लोकरीची पोती, पेट्यांत कांबळी, आणि लोकरीचा वैरी म्हणजे कसर. कसर लागू नये म्हणून प्रत्येक पोत्यात, प्रत्येक पेटीत डांबरगोळ्या. त्या पांढऱ्या, चकचकीत, उग्र वासाच्या. थोरलीच्या शालीला, केसांना, अगदी तिच्या रागालाही त्यांचा वास यायचा, आणि घरातल्या कुणाला तो आता कळतही नव्हता. तिने मूठभर गोळ्या धुतलेल्या फडक्यात बांधल्या आणि ती पुरचुंडी दोऱ्याने फटीच्या तोंडाशी टांगली. आत हात घातला नाही. धूर केला नाही, फवारा नाही, रंग नाही, तेल नाही. नियमाचा केससुद्धा वाकडा झाला नाही. माशीने दुसरीकडे बिऱ्हाड केलं, कोळी निघून गेला, आणि खाली उतरताना थोरली स्वतःवर इतकी खूश होती, की वाटेत दोन मेंढ्यांना तिने शिव्याही दिल्या नाहीत.

हवावाली यायच्या दिवशी ती सकाळीच वर जाऊन पुरचुंडी काढून आणायची. लपवायला नाही. पाहुणा यायचा म्हटलं की झाडू आणि फडकं दाराआड जातं, तसं. घर चकचकीत दिसावं, ते कसं केलं हे पाहुण्याने का बघायचं? मुलगी चकती बदलून गेली, की पुरचुंडी परत जागेवर.

पहिल्या चकतीचा निकाल सुनेच्या मोबाइलवर आला. सगळं ठीक होतं, एक सोडून. एक पदार्थ फार आला होता, अशा ठिकाणी येऊच नये इतका. हवावालीने विचारलं होतं, जवळपास काही जळतं का, डांबर वगैरे?

थोरलीने बाकीचं ऐकलंच नाही. ती थेट ओढा ओलांडून गेली आणि धाकट्याला जे बोलली ते सुनेने नंतर कुणालाही सांगितलं नाही. एवढंच कळलं, की त्यात त्याच्या बालपणीची दोन-तीन दुखणी निघाली, आणि ती निस्तरणारी कोण होती तेही निघालं. धाकट्याने ऐकून घेतलं. मग ड्रमाखालचा विस्तव पाण्याने विझवला, ड्रम उपडा घातला, आणि म्हणाला, "वहिनी, झालं. आता तुमच्या हवेला माझा हात लागणार नाही."

त्यानंतर तो त्यांच्याकडे जेवायला येईना. ताट सून नेऊन द्यायची. थोरली स्वयंपाकघरातून मोठ्याने म्हणायची, की काहींना खरं बोललेलं सोसत नाही, आणि ऐकायला दाराशी कुणीच नसायचं. इथल्या पावसात बिनडांबरी खांब टिकत नाहीत, म्हणून त्याने ते गावाला दिलेच नाहीत. निकृष्ट देण्यापेक्षा नाही दिलेलं बरं, म्हणाला. लोक दुसरीकडून आणू लागले. ज्या माणसाच्या खांबांवर सगळी कुरणं उभी, तो दारात बसून चाकूने लाकडी चमचे कोरू लागला. थोरलीने ते बघितलं, आणि तिला वाईट वाटलं तर ती ते वाटणं रागातच वळवून घ्यायची. तिच्याकडे दुसरं भांडंच नव्हतं.

दुसऱ्या निकालाच्या वेळी फोन आला नाही. हवावाली स्वतःच आली, चकती बदलायची वेळ झालेली नसतानाही. गाडी लांबच्या वळणावर दिसली तशी थोरली घाईने वर जाऊन पुरचुंडी काढून आली. शालीच्या टोकाला गाठ मारून तिने ती कमरेशी खोचली आणि धापा टाकत, हसत सामोरी गेली.

मुलगी हसत नव्हती. काकांनाही बोलवा म्हणाली. धाकटा आला, पण बसला नाही, दाराच्या चौकटीला टेकून राहिला. सुनेने कप मांडले. हवावालीने कपाला हात न लावता सांगितलं, की या वेळी तो पदार्थ आधीपेक्षाही जास्त आलाय. प्रयोगशाळेत साहेबांनी ठरवलंय, वाडगे इथून हलवायचे. नदीपलीकडची जागा पुन्हा बघितली, होडी आता विजेवर चालते. पुढच्या ऋतूपासून तिकडे.

नदीपलीकडे. म्हणजे विहीणबाई. थोरलीच्या डोळ्यांसमोर त्या रंगवलेल्या कुंपणाची पट्टी न् पट्टी उभी राहिली.

"कारण काय लिहिलं?" तिने विचारलं.

हवावालीने धाकट्याकडे बघितलं आणि नजर खाली घेतली. साहेबांनी कारण डांबराचा ड्रम असंच लिहिलंय, ती म्हणाली. दुसरं काही सापडलं नाही.

"ड्रम उपडा आहे," धाकटा म्हणाला. "त्याच्यावर कोंबडी बसते."

"मला माहीत आहे, काका. आत्ता येताना बघितलं. मलाही ते पटत नाही." मुलगी आता टेबलाकडे बघत, स्वतःशीच हिशेब मांडल्यासारखी बोलू लागली. डांबराचा धूर आला, की त्यातले पदार्थ भावंडांसारखे घोळक्याने येतात, एकाच्या मागे दुसरा. इथे एकटाच आलाय. बाकीचे सगळे इतके कमी, की अशी हवा फार थोड्या ठिकाणी मिळते. आणि हा एकटा असा ठाण मांडून, जणू इथेच राहायला आलाय.

सुनेने विचारलं, तो आहे तरी कोण?

"घराघरात असतो. कपड्यांत ठेवायच्या पांढऱ्या गोळ्या असतात ना, त्या त्याच्याच."

सून हसायला लागली. म्हणाली, मग आमच्या माळ्यावर त्याचं अख्खं गाव वसलंय. हवावालीही जरा सैलावली. घराचा वास मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, म्हणाली, खांब उभा करतानाच मी त्याचा विचार केला होता. घर खाली, खांब इतका वर, तेवढ्याने एवढं होत नाही. "वाडग्यालाच गोळ्या बांधल्या असत्या तर गोष्ट वेगळी."

तिघंही हसली. धाकटासुद्धा, कितीतरी दिवसांनी, ओठाच्या एका कोपऱ्यातून. थोरली हसली नाही. कमरेशी खोचलेली ती गाठ तिला एकदम निखाऱ्यासारखी लागली.

गप्प बसणं सोपं होतं. कुणाला माहीत नव्हतं, कुणाला कळणारही नव्हतं. वाडगे जातील, विहीणबाई एक वर्षभर मिरवेल, मग लोक विसरतील. बोललं तर काय? जिने गावाच्या विड्या विझवल्या, पोटच्या मुलाला गाडी ढकलायला लावली, तिनेच हवा नासवली, ही गोष्ट नदीपलीकडे वाऱ्याच्या आधी पोचेल. हात दाखवून अवलक्षण. तिने धाकट्याकडे बघितलं. अख्खा ऋतू डांबराला शिवला नव्हता, तरी त्याच्या नखांच्या कडा अजून काळ्या होत्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि फाशीचा दोर हिच्याच हातचा.

पण खरं सांगायचं तर दिरापेक्षाही तिला दुसरंच काहीतरी जास्त टोचलं. त्या मुलीने आत्ताच सांगितलं होतं, बाकीचे सगळे इतके कमी, की अशी हवा फार थोड्या ठिकाणी. म्हणजे टेकडी खरी होती. तिने सांगितली होती तशीच होती, कणभर कमी नाही. आणि कुठल्याशा कचेरीत आता कायमचं लिहिलं जाणार होतं, की ती टेकडी वाईट. लोकरवाल्यांनी काटा मारला म्हणून तिने भर बाजारात एकेकाची सालं काढली होती. आणि इथे रिकाम्या तराजूच्या पारड्यात तिनेच मूठभर गोळ्या टाकल्या होत्या. टेकडीची इज्जत जात होती ती तिच्या इज्जतीपायी. दोहोंतली मोठी कुठली, हे ठरवायला तिला फार वेळ लागला नाही. टेकडी मोठी होती, ती खिडकीतूनही दिसत होती.

तिने गाठ सोडली आणि पुरचुंडी टेबलावर ठेवली. वास सगळ्या खोलीत पसरला.

"हा घे तुझा एकटा," ती म्हणाली.

हवावालीने फडक्याला हात लावला नाही, नुसती वाकून बघत राहिली. मग थोरलीने सगळं सांगितलं, सुरुवातीपासून. कुंभारीण माशी, कोळी, दोरा, फट, आणि दर वेळी गाडी यायच्या आधी वर जाऊन ती काढून आणणं. आवाज खाली आणला नाही. चूक सांगतानाही ती अशी सांगत होती, की दुसऱ्या कुणाला इतकी नीटनेटकी जमलीच नसती.

मुलीने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आजी, दोन ऋतूंचं काम गेलं."

"गेलं. ओरड तू. मी ऐकून घ्यायला बसलेय. फक्त लवकर ओरड, मला सवय नाही."

"मी सांगितलं होतं, जवळ काही नको म्हणून."

"धूर म्हणालीस, फवारा म्हणालीस, रंग म्हणालीस, तेल म्हणालीस. गोळी म्हणाली नाहीस," थोरली म्हणाली, आणि मग तिच्या तोंडून कधी निघाले नव्हते असे शब्द निघाले. "पण मी तरी विचारायला हवं होतं. एक फोन करायला हवा होता. किडे झाले हे सांगायची मला लाज वाटली."

हवावाली ओरडली नाही. ओरडली असती तर बरं, असं थोरलीला वाटलं, कारण मुलीचा चेहरा पडला होता आणि तो बघवत नव्हता. मग मुलीने प्रश्न विचारायला सुरुवात केली. किती गोळ्या, कुठे बांधल्या, पावसात भिजल्या का, कधी बदलल्या. थोरलीने एकेकाचं सरळ उत्तर दिलं. शेवटी मुलगी म्हणाली, की कारण कळलं तर चकती वाया गेली तरी जागा वाया जात नाही. पण साहेबांना विचारावं लागेल.

"विचार. आणि आधी ते ड्रमाचं काढ. कारणात माझं नाव घाल. थोरली एवढंच लिही, या बाजूला सगळ्यांना कळतं."

मुलगी अंगणात जाऊन फोनवर बोलत राहिली. आत तिघं उरली. सुनेने उगीचच कप विसळायला घेतले. थोरली धाकट्याकडे न बघता म्हणाली, की ताट आता कुणी पोचवणार नाही, यायचं असेल त्याने इथे येऊन जेवावं. धाकटा म्हणाला, "येतो." थोड्या वेळाने म्हणाला, "वहिनी, नीटनेटकी बाकी बांधली होती. दोरासुद्धा पीळ घालून." आणि थोरलीला कळेना, की यावर चिडायचं की रडायचं. म्हणून तिने सुनेला सांगितलं, कप फुटेल, हळू.

हवावाली परत आली ती थोडी उजळून. साहेबांनी आधी एवढंच विचारलं, म्हणाली, त्या बाई स्वतःहून बोलल्या का? हो म्हटल्यावर म्हणाले, एक वर्ष आणखी द्या त्यांना. वाडगे नवे लावायचे, खांब घासून धुवायचा. आणि किडे झाले तर कुणाला फोन करायचा, तो नंबर आता प्रत्येक राखणदाराला द्यायचा, सगळ्या टेकड्यांवरच्या. डांबरगोळ्या चालणार नाहीत, हेही आता पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगायचं.

"सगळ्यांना?" थोरलीने विचारलं.

"देशभरात."

थोरलीची मान किंचित वर आली. "म्हणजे नियम माझ्यामुळे झाला," ती म्हणाली.

पण एक अट आहे, मुलगी चाचरत म्हणाली. राखणदार बदलावा लागेल. थोरलीने तिला पुढे बोलूच दिलं नाही. "तो मी कधीच बदललाय. हा उभा आहे तो. दोन ऋतू मी याची हवा कोंडली, आता यानं माझी कोंडावी. आणि याच्याइतकं गप्प बसून कुणाला राखता येणार नाही. मी राखताना निम्मी हवा माझ्याच तोंडाने हलत होती."

"मला डांबर लागतं, वहिनी," धाकटा म्हणाला. "खांबांचं काय?"

यावर सगळेच विचारात पडले. ड्रम पेटवायचा तर टेकडीपासून पुरता लांब, आणि वाटेत नदी असेल तर फारच उत्तम. नदी म्हटल्यावर थोरली आणि धाकटा यांनी एकमेकांकडे बघितलं, आणि कितीतरी दिवसांनी दोघांच्या डोळ्यांत एकच गोष्ट आली. विहीणबाईंच्या मळ्यात जागा रिकामी होती. त्यांनाही नवे खांब हवे होते, रंगवलेलं कुंपण बुडाशी कुजत चाललं होतं. लेकीमार्फत निरोप गेला, आणि ज्या जागेवर वाडगे यायचे होते त्या जागेवर धाकट्याचा ड्रम जाऊन बसला. विहीणबाईंनी तो आनंदाने ठेवून घेतला म्हणतात. इतक्या मोठ्या कारागिराचं काम आपल्याच दारात चालतं, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागल्या. ज्याची त्याची टेकडी.

पुढच्या ऋतूचा निकाल आला तेव्हा सुनेने मोबाइल टेबलाच्या मधोमध ठेवला, म्हणजे हवावालीचा आवाज सगळ्यांना ऐकू जावा. तो एकटा गेला होता. गेला होता म्हणजे शून्य नाही. शून्य कुठेच नसतं, आजी, मुलगी म्हणाली, तुमच्याकडेही नाही. पण ज्यांच्याशी बाकीच्यांना ताडून बघावं अशा ज्या मोजक्या जागा आमच्याकडे आहेत, त्यांत तुमची आली. थोरलीने विचारलं, पहिली का? मुलगी म्हणाली, असा नंबर लावत नाहीत. थोरली म्हणाली, म्हणजे पहिली.

त्यानंतर विहीणबाई लेकीला घेऊन भेटायला आल्या, आणि टेकडी बघायची आहे असं त्यांनीच तोंडाने म्हटलं. थोरलीने हे शब्द कानांत नीट साठवून घेतले आणि त्यांना वर नेलं. कुरणाच्या वरच्या अंगाला नवं कुंपण होतं, डांबरी टोकांच्या खांबांचं, मुरलेलं, वास गेलेलं, वाडग्यांपासून चांगलं लांब. पलीकडे धाकटा विळ्याने गवत कापत होता. त्याने मान वर केली, वाऱ्याचा अंदाज घेतला, थोरलीच्या अंगावरची लोकरी शाल बघितली आणि हात आडवा केला.

"वहिनी, तिथेच."

थोरली तिथेच थांबली. एक पाऊल मागेसुद्धा सरकली. विहीणबाईंच्या भुवया वर गेल्या. स्वतःच्याच टेकडीवर, स्वतःचाच दीर, आणि तुम्हाला अडवतो?

"अडवणारच," थोरली म्हणाली, आणि तिच्या आवाजात जो ताठा होता तो पूर्वीच्या सगळ्या ताठ्यांहून वरचढ होता. "शालीला गोळ्यांचा वास आहे. या टेकडीवर मला अडवू शकेल असा माणूस एकच आहे, विहीणबाई, आणि तो मी वाढवलाय."